‘व्हेंडरला मॉडेल कशाला, पीडीएफ पुरे’ म्हणणाऱ्यांना

नवघरचा गाळा

काल या फोरमवर एकाने लिहिलं होतं की पार्ट बनवून देणाऱ्या बाहेरच्या व्हेंडरला त्या पार्टचं थ्रीडी मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरची फाइल, कधीच देऊ नये. ज्याला काम येतं त्याला पीडीएफ ड्रॉइंगवरून कळतं, आणि मॉडेल मागणाऱ्याच्या मनात चोरी असते. रात्रीच्या विरार लोकलमध्ये हे वाचलं आणि घरी जाऊन झोप लागली नाही.

वसई पूर्वेला माझा गाळा आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक टर्निंग सेंटर (तसंच लेथ), सात माणसं. मागच्या पावसाळ्यात ॲल्युमिनियम हाउसिंगचं काम आलं. चार पानी पीडीएफ, तीही स्कॅन केलेली. आतल्या पॉकेटच्या, म्हणजे खोबणीच्या, तळाला ब्लेंड होता, दोन पृष्ठभाग जोडणारी गोलाई. तो कुठून सुरू होतो याचं माप होतं, कुठे संपतो त्याचं नव्हतं. फोन केला तर डिझाइनवाले म्हणाले, ‘मॉडेलप्रमाणे करा.’ मग मॉडेल द्या म्हटलं, तर ‘पॉलिसी नाही.’ माझ्या पोराने दोन दिवस बसून ड्रॉइंगवरून मॉडेल पुन्हा काढलं, ब्लेंड अंदाजाने घेतला. सॅम्पल ड्रॉइंगच्या मापांवर पास झालं. १४० नग गेले आणि असेंब्लीला सील बसेना. सगळे नग लाल टॅग लावून परत आले, वर मटेरिअलची डेबिट नोट. त्यांनी आमचे नग सीएमएमवर (मापं तपासणाऱ्या मशीनवर) ज्या मॉडेलशी ताडून रिजेक्ट केले, ते मॉडेल पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होतं. माझा राग त्याचा आहे.

मी नेटिव्ह फाइल, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, मागत नाही. तुमची फीचर ट्री (मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बांधलं ते), तुमची पॅरामीटर्स तुमच्याजवळ ठेवा. स्टेप फाइल द्या, ती जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिचं आयएसओ १०३०३ हे स्टँडर्ड १९९४ पासून आहे. त्याचाच एपी२४२ हा भाग २०१४ ला आला, त्यात टॉलरन्ससुद्धा (मापात किती फरक चालेल ते) मॉडेलबरोबर पाठवता येतात. डिझाइनला, मशीनला आणि तपासणीला एकच मॉडेल हवं. मधे कुणी ते हाताने पुन्हा काढलं की चूक तिथे शिरते, आणि तिचे पैसे दर वेळी गाळेवाला भरतो.

टॉलरन्स शून्य

ती पोस्ट माझी होती. ‘मनात चोरी असते’ हे सरसकट लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही, आणि का ते ऐका.

आधीच्या नोकरीत मी पंप डिझाइन करायचो. एका पॅटर्नवाल्याला (ओतकामाचा नमुना बनवणाऱ्याला) इंपेलरचं, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचं, मॉडेल दिलं, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही घेऊन. आठ महिन्यांनी आमच्या सर्व्हिस इंजिनिअरने मुंबईच्या लोहार चाळीच्या बाजारातून एक स्पेअर इंपेलर आणला. त्याच्या व्हेनच्या (पात्याच्या) मुळाशी ०.४ मिमीची पायरी होती. ती पायरी माझी मॉडेलिंगमधली चूक होती. ड्रॉइंगमध्ये नव्हती, आमच्या मालात फेटलिंगला (ओतलेला माल साफ करताना) घासून जायची. जगात ती फक्त त्या फाइलमध्ये होती. इंपेलर हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही.

नोटीस पाठवली. समोरच्या वकिलाने कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) पुढे केलं: नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नसेल आणि वस्तू कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा काढली, तर त्यातला कॉपीराइट संपतो. ट्रेड सिक्रेटचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करा म्हणून सांगितलंय, पण तोवर माझ्या हातात काय? एनडीएचा कागद. फाइल एकदा गेटबाहेर गेली की परत बोलावता येत नाही.

लेथवाले काका

दोघांनाही सांगतो, कागदाचा दोष नाही. ड्रॉइंग वाचणारी माणसं संपली. एलबीएस मार्गावर भांडुपला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, आम्हाला कुणी मॉडेल दिलं नव्हतं. हल्लीच्या मुलांना स्क्रीनवर जॉब फिरवल्याशिवाय समजत नाही.

चूक आमच्याकडूनही झाली, नाही कशाला म्हणू. आयटीआयत आम्ही ड्रॉइंगमधली दृश्यं मांडायची फर्स्ट अँगल पद्धत शिकलो, एसपी ४६ या भारतीय ड्रॉइंग मानकातही तेच आहे. एकदा अमेरिकन पार्टीचं ड्रॉइंग आलं, थर्ड अँगल, म्हणजे दृश्यं उलट बाजूला. कोपऱ्यातलं पद्धतीचं चिन्ह झेरॉक्समध्ये कापलं गेलं होतं. ६० ब्रॅकेट उलट्या हाताचे झाले, आरशात दिसावेत तसे. पण त्यातून शिकलो. टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) पूर्ण दिसल्याशिवाय जॉब बांधायचा नाही.

नवघरचा गाळा

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण ते ६० ब्रॅकेट माझंच म्हणणं सांगतात. मॉडेल असतं तर अँगलचा प्रश्नच आला नसता.

लेथवाले काका

हो, त्या एका बाबतीत नसता आला. तेवढं मान्य.

रेव्हिजन सी

मॉडेल द्यायचं की नाही यावर तुम्ही भांडताय, पण खरा घोळ रेव्हिजनचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, आहे. मी महापेला कंपनीचं पीएलएम, म्हणजे डिझाइन फाइलींची व्यवस्था, सांभाळते. पोर्टलवर रेव्ह डी टाकतो, आणि व्हेंडरकडे व्हॉट्सॲपवर आलेल्या रेव्ह बी वर काम चाललेलं असतं. एअरबसच्या ए३८० चं बघा. हॅम्बुर्गची माणसं कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या व्ही४ वर, तुलूझची व्ही५ वर. विमानात ५३० किलोमीटरच्या आसपास वायरिंग, आणि २००६ मध्ये हार्नेस (वायरींचे जुडगे) बसवायला गेले तर केबल तोकड्या पडल्या. विमानं जवळपास दोन वर्षं लांबली. मॉडेल सगळ्यांकडे होतं हं, तरी असं झालं.

दुसरं स्पष्टच बोलते. व्हेंडर व्हिजिटला जाते तेव्हा निम्म्या ठिकाणी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर दिसतं. त्या पीसीवर मी कंपनीचा डेटा कसा पाठवू? क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?

नवघरचा गाळा

मॅडम, आलात शेवटी ‘व्हेंडर म्हणजे चोर’ वर. माझ्याकडे लायसन्स आहे. पण ज्यांच्याकडे नाही त्यांची बाजू ऐका. तुमची कंपनी सॉफ्टवेअर अपग्रेड करते, नवी नेटिव्ह फाइल आमच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी पैसे भरायचे आणि जॉबचा रेट मात्र २०१९ चाच? लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ मध्ये बिल चुकवायला ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. माझं बिल मागच्या वेळी ११० व्या दिवशी निघालं. कलम १६ प्रमाणे बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, पण मागितल्यावर पुढची पीओ (ऑर्डर) कोण देणार?

रेव्हिजन सी

पेमेंट अकाउंट्स बघतं. माझ्यावर ओरडून उपयोग नाही. आणि उशिरा पैसे मिळतात म्हणून क्रॅक वापरणं बरोबर ठरत नाही.

अंबरनाथ जॉबवर्क

माझ्याकडे क्रॅक होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. लीगल नोटीस आली, सेटलमेंटमध्ये बायकोचे दागिने गहाण गेले. मला पंचवीस नगांच्या ऑर्डरसाठी दोन तास मॉडेल उघडून बघायचं असायचं, त्यासाठी पूर्ण सीट (लायसन्स) कशी परवडणार? आता फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये स्टेप उघडतो. फुकट आहे, कायदेशीर आहे, मापं घेता येतात. पण पार्टी नेटिव्ह पाठवते आणि ‘तुमच्याकडे सॉफ्टवेअर नाही? मग दुसरा व्हेंडर बघतो’ म्हणते. ऑडिटला येणाऱ्यांनी आधी आपल्या कंपनीला स्टेपसारखी न्यूट्रल फाइल पाठवायला लावावं.

रेव्हिजन सी

हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडून नेटिव्हच जातं, कारण एक्स्पोर्ट करायला कुणाला वेळ नसतो. ते चुकतंय. पण क्रॅकबद्दलचं माझं मत तेच राहील.

नवघरचा गाळा

आणि ए३८० मॉडेल वाटल्यामुळे अडलं नाही, दोन व्हर्जनमध्ये भाषांतर नीट न झाल्यामुळे अडलं. न्यूट्रल फॉरमॅट आणि दोन्हीकडे एकच रेव्हिजन, हेच तर मी मागतोय.

टॉलरन्स शून्य

सगळं वाचलं. असेंब्ली देणार नाही, शेजारचे पार्ट देणार नाही. ज्या पार्टची पीओ आहे तेवढ्याची स्टेप, एपी२४२ मध्ये, फाइलमध्ये रेव्हिजन आणि व्हेंडर कोड घालून, हे मी सोमवारी मीटिंगमध्ये मांडेन. इंपेलरसारख्या पार्टला तेही नाही. हाउसिंग, ब्रॅकेट, कव्हर, एवढंच. मनापासून पटलंय म्हणून नाही. १४० नगांचं वाचून माझ्याकडच्या ड्रॉइंग उघडल्या, आणि तीन ठिकाणी ‘मॉडेलप्रमाणे’ ही नोट सापडली. मॉडेल न देता ती नोट लिहिणं चूक आहे, आणि त्या ड्रॉइंगवर माझी सही आहे.

लेथवाले काका

सोबत ड्रॉइंगही पाठवत जा. टायटल ब्लॉकसकट.

नवघरचा गाळा

इंपेलरचं समजू शकतो. तो पॅटर्नवाला आमच्यातलाच आहे, त्याने आमचंही नुकसान केलं. माझे १४० नग अजून गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहेत, भंगारात घालवत नाही. ब्लेंड कागदावरून किती कळतो ते येऊन बघा.

टॉलरन्स शून्य

शनिवारी येतो. रेडियस गेज माझं आणतो. मॉडेल आणणार नाही.