एबीएसचा दिवा विझत नाही: तुमचे अनुभव लिहा

चावी फिरवली की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा काही सेकंद लागून विझतो, ती त्याची स्वतःची तपासणी. विझलाच नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर तुम्ही काय केलंत? 'सेन्सर बदलला, झालं' एवढंच नको. चाकाचा वेग मोजणारा सेन्सरच गेलाय हे कशावरून ठरवलंत ते लिहा.

सुरुवात मीच करतो. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायचं. रस्ता कोरडा, वेग माणूस चालतो तेवढा. दिवा कधी लागे, कधी नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी लावून सरळ रस्त्यावर गाडी चालवली. वेग कमी करताना तीन आकडे बरोबरीने उतरत होते, चौथा मात्र मध्येच शून्य. सेन्सर धडधाकट निघाला! तो बसतो त्या जागी गंजाचा थर चढून तो चाकाबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या रिंगपासून लांब सरकला होता. साध्या चुंबकीय सेन्सरचं व्होल्टेज वेगाबरोबर घटतं, त्यामुळे अंतर वाढलं की कमी वेगात सिग्नल आधी मरतो. एबीएसच्या युनिटला (कॉम्प्युटरला) वाटतं चाक लॉक झालं, म्हणून ते ब्रेक सोडतं-धरतं, तीच पेडलची थरथर. गंज घासून काढला, तोच सेन्सर परत बसवला.

तेलकट हात
स्कॅनरबद्दल एक भर. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'चे. "कोडच नाही" म्हणून गाडी परत पाठवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. आणि कोड चाक सांगतो, पार्ट नाही. सेन्सर, वायर, कपलर, रिंग, बेअरिंग यांपैकी काहीही असू शकतं.

चौथा गिअर
आमच्याकडे चाकाचं बेअरिंग बदललं आणि त्याच दिवसापासून दिवा. नवा सेन्सर टाकला तरी तेच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दात्यांची रिंग नसतेच, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे हवी. आमचं उलटं ठोकलं होतं. दिसायला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू कळते. दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना बहुतेक वेळा खराबच होतं, त्यामुळे पुन्हा नवीन घ्यावं लागलं. गॅरेजशी काय बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाना नंबर बारा
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दिवा, सरळ केलं तरी पुढचा स्टार्ट होईपर्यंत जायचा नाही. चाकाबरोबर वाकून वाकून वायर आतून तुटली होती, वरचं रबर अखंड. मल्टिमीटर लावून वायर हलवत राहिलो, एका जागी आकडा गायब झाला. चुंबकीय सेन्सर साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास दाखवतो. पण नव्या प्रकारच्या, वीजपुरवठा लागणाऱ्या सेन्सरला ओहम मोजू नका: काही कळत नाही, वर तो जाऊ शकतो. आधी प्रकार बघा.

दुचाकीवाली
मोटारसायकल मेन स्टँडवर घेऊन गिअरमध्ये मागचं चाक फिरवत चेनला तेल दिलं, आणि दिवा लागला. घाबरू नका. मागचं चाक फिरतंय, पुढचं स्थिर, हे युनिटला पटत नाही. बहुतेक गाड्यांत बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडी चालवली की दिवा जातो. तरीही राहिला, तर टायर काढताना रिंग वाकली का ते बघा.

तेलकट हात
एक राहिलं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. लाल दिवाही सोबत लागला तर गाडी पुढे नेऊ नका. ब्रेक ऑइल कमी असेल, किंवा मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडी बंद पडली असेल. ऑइल कमी दिसलं तर नुसतं भरून निघू नका, पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते बघा.

चौथा गिअर
आणि बॅटरी? थंडीत सकाळी स्टार्ट करताना दिवा लागायचा, दुपारी नाही.

तेलकट हात
हो, व्होल्टेज पडलं की युनिट स्वतःला बंद करतं. सेन्सर उघडण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा.