मदत हवी आहे: दिव्यांग मुलांच्या शिक्षणावरच्या संशोधनाला सरकारी अनुदान देताना नेमकं काय बघतात?

वाचनवेडी:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात विशेष शिक्षकांच्या बी.एड. कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी एका केंद्रीय संस्थेकडे दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच फाटे फुटतात.

विषय असा: साध्या मराठी शाळांत बसणारी पाचवी ते सातवीची कर्णबधिर मुलं वाचताना कुठे अडतात. एका मुलापुढे मी 'घोड्याला पाणी दिले' हे वाक्य ठेवलं. 'घोडा' त्याला चित्रासकट येतो. पण 'घोड्याला'वर बोट ठेवून त्याने मान हलवली, हा शब्द आपल्याला शिकवलाच नाही म्हणून. 'घरात' चालतं, कारण त्यात 'घर' जसंच्या तसं दिसतं. सामान्यरूपात शब्दाचा चेहरा बदलला की गाडी थांबते. लिहितानाही 'मी शाळा जातो'. आपल्या कानांवर ला, ने, चा दिवसभर पडत असतात. यांच्या पडत नाहीत आणि ओठांवरूनही धड कळत नाहीत. इंग्रजीत सामान्यरूप नाही, त्यामुळे तिथले अभ्यास इथे फार पुरत नाहीत.

छाननीतून पुढे गेले, दहा मिनिटांचं सादरीकरण झालं. प्रश्न दोनच आले: पुणेच का, आणि धोरणाला उपयोग काय? दोन्हींना मी गडबडले. मग तीन महिन्यांनी एका ओळीची मेल, 'समितीने शिफारस केलेली नाही'. कारण नाही, गुण नाहीत. हे वाचतं कोण? कशाला महत्त्व देतात? खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचा खर्च मोठा दिसत होता, तो नडला असेल का? यंदा पुन्हा भरायचा आहे.

चौकस काका:

पहिलं काम, माहितीचा अधिकार. १० रुपये, ३० दिवस. परीक्षकांची नावं मागू नका, ती कलम ८ दाखवून नाकारतात. 'माझ्या अर्जावरचे शेरे आणि गुणपत्रक, नावे झाकून' एवढंच मागा.

निवृत्त मास्तर:

मी समाजशास्त्राचा. अशा समित्यांवर काही वेळा बसलोय, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. छाननी म्हणजे फक्त कागद: संस्थेचं पत्र, अंदाजपत्रक, पात्रता. खरी मारामारी पुढे. सकाळपासून पंधरावीस अर्ज ऐकलेली माणसं समोर असतात आणि त्यांत तुमच्या विषयाचा एखादा असला तर नशीब. म्हणून सारांशात 'भाषिक प्रक्रियाकरण' वगैरे नको, तो घोडाच ठेवा. इथे तुम्ही जे लिहिलंत ते मला दोन मिनिटांत कळलं. अर्जात असंच होतं का? मला शंका आहे.

धोरणाचं उत्तर तुमच्या हातात होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि संवादाच्या मार्गाने शिकवा असं आहे. मराठी वाचनापुरतं 'योग्य' म्हणजे काय, हे तुमच्या अभ्यासातून निघेल. ते वापरणार कोण? राज्याची एससीईआरटी (शालेय अभ्यासक्रम आणि शिक्षक प्रशिक्षण बघणारी संस्था) कुमठेकर रस्त्यावर, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यात. 'पुणेच का' याचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं नमुन्यातून यावं लागेल. मुलं किती घेतली होती?

वाचनवेडी:

साठ. चार शाळा, सगळ्या शहरातल्या. वीस वीसचे तीन वर्ग.

निवृत्त मास्तर:

बाई, मग अर्ज तिथे पडला. ऐकण्याची पातळी वेगळी, श्रवणयंत्र कोणत्या वयात बसलं ते वेगळं, कुणाच्या घरी खुणांची भाषा, कुणाच्या नाही. एवढ्यानेच साठाचे इतके तुकडे होतात की एकेका तुकड्यात चार मुलं उरतात. परीक्षक म्हणणार, फरक इयत्तेमुळे पडला की यंत्रामुळे? एक तर मुलं वाढवा, नाही तर प्रश्न लहान करा. मी प्रश्न लहान करीन. फक्त सामान्यरूप आणि विभक्ती, त्याच मुलांना वर्षात तीनदा तपासायचं. आणि दोन शाळा मुळशी-भोरकडच्या, खेड्यातल्या घ्या.

आयोवाची पुणेकर:

'आमच्याकडे असं असतं' म्हणणारी पुणेकर आलीच, हसा. पण उपयोगी आहे म्हणून सांगते. इथे अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या संशोधनाचं एक केंद्र केंद्रीय शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत आहे, आणि त्यांचे निकष आधीच छापलेले असतात. चारच: प्रश्नाचं महत्त्व, संशोधनाचा आराखडा, माणसं, साधनं. एकूण गुण १ ते ५, आणि १ म्हणजे सर्वोत्तम (पहिल्यांदा मी उलटं समजून रडले होते). मुख्य म्हणजे नापास झालात तरी परीक्षकांचे लेखी शेरे हातात मिळतात. २०२५ मध्ये त्या संस्थेची बरीचशी माणसं कमी केली, त्यामुळे फार कौतुक नको. मात्र हे चार मथळे घेऊन आपलाच अर्ज विषयाबाहेरच्या दोघांकडून तपासून घ्या. माझ्या अर्जाला सर्वांत कठोर शेरा बायोकेमिस्ट नवऱ्याने दिला आणि तोच बरोबर निघाला.

हिशेबनीस:

दुभाष्याचा खर्च कापू नका. कापलात तर उलट विचारतील, मुलांशी बोलणार कसं? नुसता आकडा मात्र नको: किती मुलं, प्रत्येकी किती बैठका, बैठकीचा दर, असा गुणाकार दाखवा. लॅपटॉप, परिषदेचा प्रवास यांवर आधी कात्री लागते. पैसे हप्त्याने येतात आणि पुढच्या हप्त्याआधी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्चल्याचा दाखला, द्यावं लागतं (२०१७ च्या वित्तीय नियमांतला नमुना १२-अ). कॉलेजच्या अकाउंट्सवाल्यांना आत्ताच चहा पाजा.

भाषेची आई:

मी पालक आहे, मुलगी अकरा वर्षांची, कर्णबधिर, शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या इम्प्लांटवाली. तुमच्या अर्जात मुलांच्या स्वतःच्या संमतीबद्दल काय होतं? आमच्याकडे एक संशोधक आले होते, सह्या माझ्याच घेतल्या. लेकीला कुणी विचारलंच नाही, तिने त्यांची वही बंद करून ठेवली.

वाचनवेडी:

पालकांची लेखी आणि मुलांची 'तोंडी संमती' असं लिहिलं होतं. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वयाला तोंडी आणि पुढे १८ पर्यंत लेखी असं आहे, तेच मी उतरवलं. कर्णबधिर मुलांची तोंडी संमती! आता वाचून माझं मलाच हसू येतंय. चित्रांची पाटी आणि खुणांचा छोटा व्हिडिओ करते. तुमच्या लेकीला दाखवला तर चालेल का? तिला पटला नाही तर वही बंद करायची मुभा आहे.

काका, माहितीचा अर्ज आजच टाकते. मास्तर, प्रश्न लहान करायला जीव होत नाही, पण करते. आधी शाळांतून मुलांच्या फायली काढायला हव्यात. यंत्र कधी बसलं ते निम्म्या मुलांचं माझ्याकडे नोंदलेलंच नाही, आणि दोघांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) २०१९ चे आहेत. मुळशीकडच्या साध्या शाळेत कर्णबधिर मुलं असल्याचं कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.