मेडिकलच्या मुलाखतीआधीच पार गळाठलेय, मदत हवी आहे

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

मेडिकलला ४ ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून थेट नकार, दोघांचं काहीच उत्तर नाही आणि एका कॉलेजने मुलाखतीला बोलावलंय. ११ दिवस राहिलेत. मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे तिघं बसलेले, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे ८ खोल्या आहेत. दाराबाहेर लावलेला कागद २ मिनिटांत वाचायचा, घंटा झाली की आत जाऊन ८ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, पुढचं दार.

शंभरेक प्रश्न वहीत उतरवून उत्तरं घोकली. काल धाकट्या भावाला समोर बसवलं. तो म्हणाला, "ताई, डॉक्टरच का? नर्स का नाही?" 'डॉक्टर का' पाठ होतं. 'नर्स का नाही' वहीत नव्हतं. मी गप्प. हातातला कागद घामाने ओला झाला. तो हसला नाही, ते जास्त लागलं.

पाठांतर सोडून देऊ का? एका खोलीत अडखळले तर तिथेच सगळं संपतं का? आणि नाहीच मिळाली ॲडमिशन, तर मी त्या लायकीचीच नाही असं समजायचं का? शेवटचा प्रश्न वेड्यासारखा आहे, पण रात्री झोप तोच उडवतो. जाणकारांनी कृपया लिहावं.

जागरण: तू म्हटलं तर चालेल ना? मी दुसऱ्या वर्षाला आहे, मीही अशाच दारांमधून आत आले.

माझ्या एका कागदावर होतं: 'मैत्रिणीच्या उसन्या लॅपटॉपवर तुमच्या हातून पाणी सांडलं. तिचा प्रबंध गेला. तिला सांगा.' आत एक बाई, अभिनय करायलाच बसवलेल्या. मी सॉरी सॉरी करत दीड मिनिटात सगळं बोलून मोकळी. त्या रडायलाच लागल्या. खोलीत घड्याळाची टिकटिक. शेवटी मी म्हटलं, "काय करावं मलाही सुचत नाहीये. पण प्रबंध तू कुणाकुणाला मेल केला होतास ते आधी आठवू या?" तिथून बोलणं सुरू झालं. बाहेर येताना वाटलं, गेलं सगळं.

पण पुढच्या दारामागे वेगळा परीक्षक असतो आणि मागच्या खोलीत काय झालं याचा त्याला पत्ताही नसतो. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आली, २००४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध छापला. एका मुलाखतीत एकाच माणसाचं मत आणि त्या दिवसाचं नशीब चालतं, म्हणून त्याच वेळेचे लहान लहान तुकडे करून वेगवेगळ्या माणसांना वाटून द्यायचे. एक खोली बिघडणार हे त्यात धरलेलंच आहे. फक्त बिघडलेली खोली पुढच्या खोलीत घेऊन जाऊ नकोस. मी नेली होती, त्यामुळे पुढच्या कागदाच्या पहिल्या दोन ओळी डोक्यात शिरल्याच नाहीत.

जुना_स्टेथो: मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या वाक्याला कळतं. आवाज सपाट होतो आणि नजर आमच्या डोक्यावरून भिंतीकडे जाते.

तुमच्या भावाचा प्रश्न मात्र फार चांगला आहे, पोरगं हुशार दिसतंय. "डॉक्टर निर्णय घेतो, नर्स तो अमलात आणते" असं कुणी म्हटलं की आम्ही मनात फुली मारतो. पेशंट खालावतोय हे बहुतेक वेळा आधी नर्सच्याच लक्षात येतं. त्या कामाला कमी न लेखता आपला ओढा कुठे आहे ते सांगा: लक्षणांवरून निदानापर्यंत पोचणं आवडतं का? अर्धवट माहितीवर ठरवायची आणि चुकलं तर निस्तरायची तयारी आहे का? नैतिक प्रश्नांचंही तेच. स्वायत्तता, हित, अपाय न करणं, न्याय हे चार शब्द सगळेच म्हणून दाखवतात. पूर्ण शुद्धीतला माणूस रक्त घ्यायला नकार देतो, तेव्हा त्यातले दोन शब्द एकमेकांवर उठतात. ती ओढाताण तुमच्या तोंडून ऐकायची असते.

आता लायकीचं. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजात १५० जणांची निवड झाल्यावर विधिमंडळाने आयत्या वेळी ५० जागा वाढवल्या. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं दुसरीकडे गेलेली. मग मुलाखतीनंतर यादीच्या तळाशी गेलेल्यांना बोलवावं लागलं. दोन्ही गटांची तुलना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली: कॉलेजात आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्या कामगिरीत दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. ते वाचल्यापासून मी कुणाला गुण देताना जरा नरमलोच.

दोनदा_नापास: स्टेथोकाकांना अनुमोदन, पण थोडं कडू बोलतो. "होईल गं सगळं नीट" म्हणणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा. जागा कमी, अर्ज जास्त, चांगली माणसं राहून जातात. मी दोनदा राहिलो, तिसऱ्यांदा घेतलं. पहिल्या नकारानंतर कारण विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलंच नाही, ती चूक. काही कॉलेजं सांगतात, विचारून बघा.

आणि मेलचं पान दर पाच मिनिटांनी उघडू नका. मी पासवर्ड बहिणीला बदलायला लावला होता. ती दिवसातून एकदा, रात्री जेवण झाल्यावर बघायची.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. वही भावाच्या ताब्यात दिलीय, तो आता त्यातले प्रश्न मुद्दाम उलटे करून विचारतो. 'नर्स का नाही' वर आज तीन मिनिटं बोलले. शेवटी भरकटले, पण गप्प नाही बसले.

एकच राहिलं: घंटा झाली तेव्हा वाक्य अर्ध्यावर असेल तर?

जागरण: सोडायचं आणि उठायचं. माझी पाच वाक्यं अजून त्या खोल्यांमध्येच आहेत.