काचेच्या आतलं धुकं: खिडक्यांच्या दुरुस्तीचे तुमचे अनुभव सांगा

मोगरा (छत्रपती संभाजीनगर)

आज सकाळी हॉलची खिडकी पुसत होते. आतून पुसली, बाहेरून पुसली, तरी खालच्या कोपऱ्यात वीतभर धुकं तसंच. बोटानं रेघ ओढून पाहिली, उमटेना. तेव्हा कळलं की ओल दोन काचांच्या मधे आहे, तिथं माझा हात पोचणारच नाही.

आमचं घर जालना रोडला लागून. रात्रभर ट्रक. सासूबाईंना झोप लागत नव्हती म्हणून २०१४ साली रस्त्याकडच्या चारही खिडक्यांना डबल काच घेतली होती. त्या रात्री त्या म्हणाल्या, "आज गाव झोपल्यासारखं वाटलं बाई." त्या आता नाहीत. म्हणूनही असेल, या खिडक्यांवर जीव आहे.

आणि तिथं फडकं हातात घेऊन उभी असताना अण्णा आठवले, माझे वडील. परभणीचं जुनं घर, सागवानी चौकटी, एकेका झडपेला चार तावदानं. मृग लागायच्या आधी एक रविवार खिडक्यांचा असायचा. अण्णा खडूची पावडर आणि जवसाचं तेल पाटावर घेऊन कणकेसारखं मळायचे. तडकलेलं तावदान काढायचं, खाचेतली वाळलेली पुट्टी पातीनं खरवडायची, नवी काच बसवून बारीक चुका ठोकायच्या आणि वरून पुट्टीची तिरकी धार ओढायची. उरलेली गोळी आम्हा बहिणींना खेळायला. तो तेलाचा वास अजून नाकात आहे. खिडकीसाठी बाहेरचा माणूस बोलावलेला मला एकदाही आठवत नाही.

आता ज्यांनी खिडक्या बसवल्या त्यांनी धंदा बंद केलाय. दुसरे एकजण येऊन बघून गेले, म्हणाले चौकटीसकट सगळं काढावं लागेल. माझं मन तयार होईना. तुमच्याकडं असं झालंय का? धुकंच असं नाही, खिडक्यांचं काहीही सांगा.

जालनेकर

ताई थांबा!! चौकट काढू देऊ नका. नुसती काच बदलता येते. आमच्याकडं दोन बदलल्या, चौकट तीच. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता लग्नाला निघालोय.

परभणीची लेक

अगं परभणीत कुठं घर होतं तुमचं? आमचं माहेर नानल पेठेत. जवसाचं तेल वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं ते बैलगाडीच्या चाकाला नाहीतर दाराला लावायला असायचं, आणि चटणी वेगळीच. खिडक्यांचं मला काही ठाऊक नाही, पण हा धागा वाचत राहणार.

काचवाला भाऊ (नांदेड)

दुकानातून लिहितोय, गिऱ्हाईक आलं की तुटेल, सांभाळून घ्या.

मोगराताई, बोटानं रेघ ओढून बघितली हे बरोब्बर केलंत. माझ्याकडं येणाऱ्या दहांतले निम्मे लोक हेच बघत नाहीत. ओल आतल्या अंगाला असेल तर घरातली वाफ. बाहेरच्या अंगाला पहाटे दव असेल तर उलट चांगलं, घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही म्हणून ती गार पडते. मधे असेल तरच काच गेली.

दोन काचांच्या मधे कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्या पोटात ओल शोषणारे बारीक दाणे. नव्या बुटाच्या खोक्यात पुडी येते ना, तसंच काम. पट्टी आणि काच यांच्यामधे ब्युटाइलचा चिकट थर, त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन. या चिकट कडेलाच सील म्हणतात. आपल्याकडं मे महिन्यात दिवसा मधली हवा फुगते, रात्री आक्रसते. रोज काच हलकीशी बाहेर, हलकीशी आत. कडेच्या चिकटावर दहा वर्षं हा ताण पडला की कुठंतरी केसाएवढी फट पडते. दाणे काही महिने ओल पीत राहतात. त्यांचं पोट भरलं की धुकं दिसतं. म्हणजे तुम्हाला आज दिसलं तरी सील मागंच सुटलंय.

काहीजण बारीक भोकं पाडून आतून वाळवून देतो म्हणतात. धुकं जाईल, पण दाणे तेच भरलेले, सील तेच सुटलेलं. आणि काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असेल तर भोक पाडायला गेलात की चुरा होईल. कोपऱ्यात बारीक छाप बघा, टफनला सहसा असतो.

बरं, गिऱ्हाईक आलं. मापाचं नंतर लिहितो.

रात्रपाळी (वाळूज)

माझी चूक सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. मी कंपनीत रात्रपाळीला, दिवसा झोपतो. उजेड नको म्हणून डबल काचेला आतून काळा कागद चिकटवला, अर्ध्या भागालाच. एप्रिलमधे दुपारी दीडला ताडकन आवाज. उठून बघतो तर कडेपासून आतपर्यंत सरळ चीर. पोरांनी बॉल मारला म्हणून खाली जाऊन भांडून आलो. बिचारी पोरं शाळेत होती. त्यांच्या आईची मी नंतर माफी मागितली.

काचवाल्यानं समजावलं तेव्हा कळलं. कागदामागची काच तापते, चौकटीत दाबलेली कड गार राहते, त्या ओढाताणीत साधी काच कडेपासून तडकते. आता पडदा काचेपासून चार बोटं लांब टांगलाय, आणि नवी काच टफन घेतली. उन्हाची फिल्म लावायची असेल तरी आधी विचारून घ्या, डबल काचेवर सगळ्या चालत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर काचेपेक्षा माझं रबर गेलं होतं. झडप लावल्यावर कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज निघून आली तर तिथून वारा, धूळ, आवाज सगळं आत. काळं रबर कडक होऊन कोपऱ्यात आखडतं. जुन्याचा तुकडा दुकानात नेऊन तसंच आणा, आणि बसवताना ताणू नका, थोडं ढिलं दाबत जा. मी पहिल्यांदा ताणून बसवलं, महिन्यात कोपरे उघडे पडले.

गंजगोलाई (लातूर)

पाणी!! आमच्याकडं वळवाच्या पावसात खिडकीखालच्या भिंतीवर ओघळ. आम्ही तीन वर्षं भिंत रंगवली. तीन वर्षं. लातूरला पाणी रेल्वेनं आणायची वेळ आली होती २०१६ ला, आणि आमच्या हॉलमधे पाणी, असं सगळे म्हणायचे.

शेवटी भाच्यानं शोधलं. चौकटीच्या खालच्या अंगाला बाहेरून बारीक आडवी भोकं असतात, पावसाचं पाणी निघून जायला. त्यातली दोन कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलेली आणि उरलेली रंगाऱ्यानं "फट दिसली" म्हणून सिलिकॉननं बुजवलेली. सायकलच्या तारेनं उकरली, तांब्याभर पाणी ट्रॅकमधे ओतलं, बाहेर धार लागली. त्यानंतर भिंत कोरडी. आता दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास तार फिरवतो.

मोगरा

@गंजगोलाई आत्ता जाऊन बघितलं. माझ्याकडंही एक भोक पूर्ण बंद! धुकं नेमकं त्याच्याच वर आहे.

काचवाला भाऊ (नांदेड)

ताई, सापडलं मग कारण. काचेची खालची कड पाण्यात बसून राहिली की सील फार लवकर सुटतं. भोकं मोकळी केल्याशिवाय नवी काच बसवू नका, नाहीतर तीपण तशीच जाईल.

ऊनसावली (बीड)

आमची सरकती खिडकी, पांढरी, यूपीव्हीसी प्लॅस्टिकची. सकाळी सुरळीत, दुपारी बारा ते पाच हलत नाही, संध्याकाळी परत सुरळीत. आई म्हणायची तिला पण वामकुक्षी लागते. कुणाचं असं होतं का? मिस्त्रीनं ट्रॅकला तेल घातलं, आठ दिवस बरी चालली, मग तेलात धूळ बसून खळ झाली. आमच्या इथली धूळ तुम्हाला माहितीच आहे.

जालनेकर

लग्नाहून आलो. @ऊनसावली तेल नकोच. ट्रॅक ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं साफ करा, मग सिलिकॉनचा स्प्रे, तो कोरडा राहतो, धूळ धरत नाही. झडपेच्या बाजूला खाली एक भोक असतं, आत स्क्रू. तो फिरवला की रोलर वर-खाली होतो. दोन्ही बाजूंना सारखाच फिरवा. रोलर चपटा झाला असेल तर मात्र बदलावा लागतो, त्यासाठी झडप उचलून काढावी लागते. एकट्यानं करू नका! आम्ही दोघं भाऊ होतो तरी कंबर धरली.

काचवाला भाऊ (नांदेड)

जालनेकर भाऊंनी लई महत्त्वाचं सांगितलं. काचेचं वजन एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागं अडीच किलो. पाच-पाच मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २५ किलो नुसती काच. वरच्या मजल्यावर असाल तर स्वतः करूच नका.

दुपारी अडकायचं कारण प्लॅस्टिक फुगतं. दोन मीटरची यूपीव्हीसी पट्टी तीस अंशांनी तापली तर चार मिलिमीटरच्या आसपास वाढते. बसवताना भिंतीत तेवढी फट सोडून ती लवचीक सिलिकॉननं भरायची असते. आपल्याकडं गवंडी सिमेंटनं ठासून भरतात, मग तिला वाढायला जागाच नाही. बीडची खिडकी एकदा कडेनं ठोकून बघा, सिमेंट आहे का.

नवी सूनबाई (धाराशिव)

माझा प्रश्न साधा आहे. थंडीत स्वयंपाकघराच्या काचेला आतून पाणी सुटतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी. सासरे म्हणतात खिडकी खराब निघाली.

परभणीची लेक

@सूनबाई खराब नाही गं. वरण शिजताना झडप दोन बोटं उघडी ठेव नाहीतर एक्झॉस्ट लाव. काचवाले भाऊ वर म्हणालेच, आतली ओल म्हणजे घरातली वाफ. सासऱ्यांना हाच धागा वाचायला दे. नवीन आहेस का घरात? रुळलीस का?

नवी सूनबाई (धाराशिव)

हो काकू, चारच महिने झाले. रुळतेय. थँक्यू 🙏

माळवद (औसा)

वाचत होतो, लिहावं की नको असं झालं. मोगराताईंच्या अण्णांसारखेच आमचे आबा. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. आमचं घर उभं राहिलं, पण एकाही खिडकीत काच राहिली नाही. आमची मावशी गेली, तिच्या गावात दगडमातीच्या भिंती होत्या.

आबांनी नंतर महिनाभर काही केलं नाही. मग एक दिवस उठून काचा बसवायला घेतल्या. बसेनात. प्रत्येक काच एका कोपऱ्यात अडकायची. चौकटी तिरक्या झाल्या होत्या, डोळ्याला दिसत नव्हत्या. त्यांनी सुतळी घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मापली, मग उरलेले दोन कोपरे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. मी धरायला होतो, दहा वर्षांचा. आजही कुठलीही खिडकी बसताना मी आधी कर्ण मापायला लावतो. डबल काच तर घासून बसवताच येत नाही, तिथं हे फारच लागतं.

रात्रपाळी (वाळूज)

दादा 🙏 आमचे आजोबा मदतीला गेले होते तिकडं. घरी आल्यावर आठवडाभर बोलले नव्हते.

मोगरा

माळवद भाऊ, लिहिलंत हे बरं केलंत. कर्ण मापीन, नक्की.

काचवाला भाऊ (नांदेड)

आबांना नमस्कार. मापाचं राहिलंच होतं, आता पूर्ण करतो. काच दिसते तेवढी मापू नका. काच धरून ठेवणाऱ्या आतल्या बीडिंग पट्ट्या काढा, लांब पट्टी आधी, मधोमध पात घालून हळू उचकटायची. कुठली पट्टी कुठली त्यावर पेन्सिलीनं खूण करा. मग खाचेतलं माप घ्या, रुंदी तीन जागी, उंची तीन जागी. सगळ्यात लहान माप धरा, त्यातून चारी बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर सोडा. जाडी मापा, पाच-बारा-पाच (काच, मधली पोकळी, काच) असेल तर २२ मिलिमीटर. जाडी चुकली तर जुनं बीडिंग बसणार नाही, आणि टफन काच एकदा बनली की कापता येत नाही.

काच थेट चौकटीवर टेकवायची नाही, खाली प्लॅस्टिकचे ठोकळे, भोकं सोडून. आणि आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन डबल काचेच्या कडेला नको, ते सील खातं. न्यूट्रल मागा. ट्रकचा आवाज असेल तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. एक सहा, एक चार घेतलीत तरी एकूण जाडी तेवढीच राहते, आणि आवाज जास्त अडतो.

मोगरा

सगळ्यांसाठी: काच आली, काल बसली. सहा-बारा-चार. कर्ण सारखे निघाले. चारही खिडक्यांची भोकं तारेनं मोकळी केली. काच बसवायला दोन माणसं बोलावली, पण बीडिंग मी काढलं. घरात पातळ, बोथट पात शोधत होते, तर आईच्या ट्रंकेत अण्णांची पुट्टीची पात निघाली. मुठीवर अजून पांढरट तेलकट थर आहे. तो मी पुसला नाही.

रात्री खिडकी लावून सासूबाईंच्या कॉटवर थोडा वेळ बसले.

ऊनसावली (बीड)

सिमेंटच निघालं कडेनं! रविवारी उकरणार.

परभणीची लेक

मोगरा, तुमच्याकडं जवसाच्या चटणीत लसूण भाजून घालता की कच्चा? आणि नानल पेठेचं उत्तर राहिलंय.