विषय: ॲनिमे आणि मांगा – कोणाला काय सुचवावं? (वाचनालयाची खरेदी)

प्रेषक: वाचनालय समिती

नमस्कार मंडळी,

वाचनालयात मांगासाठी (जपानी चित्रकथांची पुस्तकं) एक कप्पा मोकळा केला आहे. सोबत ॲनिमेची (जपानी ॲनिमेशन) ‘काय बघावं’ अशी यादीही लावायची आहे. विचारणा मुख्यतः चौघांकडून येते: सात-आठ वर्षांची मुलं, तेरा-चौदा वर्षांची मुलं, भारतातून सहा महिन्यांसाठी इकडे आलेले आई-बाबा, आणि ‘कार्टून काय बघायचं’ म्हणणारी मोठी माणसं. कृपया नुसती नावं पाठवू नका. किती भाग, किती खंड, कुठे अडखळायला होतं, कोणाला काय खटकेल, हे लिहा.

— वाचनालय समिती

प्रेषक: युवा शाखा

ताई, नमस्कार.

‘ॲनिमे सुचवा’ हे ‘पुस्तक सुचवा’ इतकंच मोघम आहे. म्हणून यादीच्या आधी विचारणाऱ्याला तीन प्रश्न करावेत. शेवटची कोणती मालिका किंवा कादंबरी हातातून सोडवली नाही? आठवड्याला किती वेळ आहे? आणि काय अजिबात बघवत नाही? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि शिफारस तिथेच फसते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. ती सोडली तर २१ मिनिटं उरतात. जपानी टीव्हीचा हंगाम तीन महिन्यांचा, म्हणून बहुतेक मालिका १२-१३ किंवा २४-२६ भागांच्या असतात. बारा भाग म्हणजे सव्वाचार तास, दोन संध्याकाळींत संपतात. नवख्या माणसाला पहिल्यांदा एवढंच द्यावं.

नवख्यांना सर्रास ‘नारुतो’ किंवा ‘वन पीस’ सांगितलं जातं. ‘नारुतो’चे २२० भाग, पुढच्या ‘शिप्पुदेन’चे ५००. ‘वन पीस’चा मांगा १९९७ पासून चालू आहे, खंड शंभरावर, ॲनिमेचे भाग अकराशेच्या पुढे. दोन्ही चांगल्याच आहेत, अडचण आहे ती भरतीच्या भागांची. साप्ताहिकात दर आठवड्याला मूळ मांगाचं विसेक पानांचं प्रकरण येतं आणि टीव्हीचा एक भाग दोन-तीन प्रकरणं सहज संपवतो. मग मालिका मूळ कथेला गाठते आणि स्टुडिओला स्वतःच्या गोष्टी घुसडाव्या लागतात. ‘नारुतो’त १३५ व्या भागानंतर जवळजवळ शेवटपर्यंत हेच आहे. नवा प्रेक्षक तिथे कंटाळतो आणि ॲनिमेच सोडतो. ज्याला ‘नारुतो’च हवं असेल त्याला १३५ पर्यंत बघायला सांगा, मग २२० वा भाग आणि तिथून थेट ‘शिप्पुदेन’. त्यातही भरती आहेच, त्याची भागवार यादी बाजूला ठेवावी.

तेरा-चौदा वर्षांच्यांसाठी माझं पहिलं नाव ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’. ६४ भाग, गाणी वगळून साडेबावीस तास. कथेला नीट आरंभ आणि नीट शेवट आहे. याच नावाची २००३ ची मालिका वेगळी आहे, ५१ भागांची. तेव्हा अराकावा हिरोमु यांचा मांगा पूर्ण झाला नव्हता, म्हणून तिचा उत्तरार्ध आणि शेवट स्टुडिओचा आहे. ‘ब्रदरहुड’ २००९ ची, ती मूळ २७ खंडांना धरून चालते. मात्र पहिले दहा-बारा भाग घाईत उरकले आहेत, कारण तेवढी कथा आधीच्या मालिकेत येऊन गेली होती. आणि चौथा भाग आई-वडिलांनी आधी बघावा: एका लहान मुलीच्या आणि तिच्या कुत्र्याच्या बाबतीत जे घडतं ते दहा वर्षांच्या मुलाला झोपू देणार नाही.

खेळ आवडणाऱ्यांना ‘हाइक्यू’. व्हॉलीबॉल, पहिल्या हंगामाचे २५ भाग, मांगा ४५ खंडांत पूर्ण. खेळाचे नियम माहीत नसले तरी अडत नाही, सामना चालू असतानाच ते कळत जातात. बुद्धिबळवाल्यांना ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’, ४४ भाग. त्यातला मुलगा सतराव्या वर्षी व्यावसायिक शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळतो. शोगीचा पट ९ गुणिले ९, प्रत्येकाकडे २० सोंगट्या, आणि मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा पटावर उतरवता येते. पण ही मालिका डावांपेक्षा एकटेपणाबद्दल जास्त आहे. दुसऱ्या हंगामात शाळेतल्या छळाचा मोठा भाग येतो. तेरा वर्षांच्या मुलाबरोबर बसून बघावी.

आपल्या पाठांतर स्पर्धेतल्या मुलांना ‘चिहायाफुरु’ नक्की द्या. कारुता हा खेळ शंभर कवींच्या शंभर जुन्या कवितांवर चालतो. वाचक कवितेचा पूर्वार्ध म्हणतो आणि खेळाडूने उत्तरार्धाची चिठ्ठी समोरच्याच्या आधी उडवायची. शंभरातल्या पन्नासच चिठ्ठ्या मांडतात, प्रत्येकाकडे २५. उरलेल्या पन्नास कविताही वाचल्या जातात, म्हणून कान आणि पाठांतर दोन्ही लागतं. तीन हंगाम, २५, २५ आणि २४ भाग.

— युवा शाखा

प्रेषक: रविवारची मराठी शाळा

दादा, मुद्देसूद लिहिलंत. लहान मुलांबद्दल मी लिहिते, कारण चुका तिथे जास्त होतात.

> अडचण आहे ती भरतीच्या भागांची

लहानांच्या बाबतीत अडचण चित्रांची आहे. गोल चेहरा आणि मोठे डोळे दिसले की पालक निर्धास्त होतात. ‘मेड इन अबिस’मधली मुलं आठ-दहा वर्षांची वाटतात, पण त्यातल्या शारीरिक यातना मोठ्यांनाही सोसत नाहीत. ‘मादोका माजिका’ गुलाबी फ्रॉकमधल्या मुलींची गोष्ट दिसते आणि तिसऱ्या भागात तिचं खरं रूप कळतं. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ चा, कोबे शहरावरच्या १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांनंतर उपाशी राहिलेल्या भावा-बहिणीचा. ‘माय नेबर तोतोरो’ही त्याच घिबली स्टुडिओचा, त्याच वर्षाचा, आणि जपानमध्ये दोन्ही एकाच तिकिटात दाखवले गेले. त्यामुळे ‘घिबलीचा आहे ना, मग लावा’ हे चालत नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’त पहिल्या पंधरा मिनिटांतच बाणाने हात तुटतात. बारा वर्षांखालच्यांना मी तो दाखवणार नाही.

सात-आठ वर्षांसाठी सुरुवात ‘तोतोरो’नेच. ८६ मिनिटं, खलनायक नाही, फक्त आई दवाखान्यात आहे ही एक काळजी. हळव्या मुलाला तेवढं आधी सांगून ठेवावं. वाचायला ‘योत्सुबा’: पाच वर्षांच्या मुलीचे रोजचे उद्योग, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र. याचं ॲनिमे नाही, ते शोधत बसू नये.

इंग्रजी मांगाच्या मागच्या बाजूला काही प्रकाशक वयाची खूण छापतात: ‘ए’ सर्वांसाठी, ‘टी’ तेरापासून, ‘टी प्लस’ सोळापासून, ‘एम’ अठरापासून. कपाटात आधी या खुणेनुसार लावा, मग नावानुसार. ‘शोनेन’ शब्दावर जाऊ नका. शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष), जोसेइ (स्त्रिया) ही नावं कोणत्या वाचकांच्या मासिकात गोष्ट आली एवढंच सांगतात. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या नाकाझावा केइजी यांचा ‘बेअरफूट गेन’ १९७३ मध्ये मुलांच्याच ‘शोनेन जंप’मध्ये सुरू झाला. तो जरूर घ्या, पण बॉम्ब पडतो तिथली पानं मोठ्यांनी सोबत वाचायची आहेत.

आणखी एक: तेझुका ओसामु यांचा ‘बुद्ध’ इंग्रजीत आठ जाड खंडांत मिळतो. तो बालविभागात ठेवू नये. त्यात नग्नता आहे, मारामारी आहे आणि चाप्रा, तत्ता अशी तेझुकांनी रचलेली पात्रं आहेत. चरित्र म्हणून वाचणाऱ्याची फसगत होते, कादंबरी म्हणून वाचणाऱ्याला मात्र फार मोठं काही मिळतं.

— रविवारची मराठी शाळा

प्रेषक: ज्येष्ठ कट्टा

शाळेच्या ताई, दादा, दोघांनाही नमस्कार.

इकडे आलेल्या आई-बाबांसाठी पहिली शिफारस ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. साको युगो, राम मोहन आणि सासाकी कोइची यांचं दिग्दर्शन, भारत-जपानचं एकत्र काम, १३५ मिनिटं. जानेवारी २०२५ मध्ये भारतात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, हिंदीतही. सबटायटल्स वाचावी लागत नाहीत आणि कथा ठाऊक असते, त्यामुळे लक्ष पूर्णपणे चित्रांकडे राहतं. ‘कार्टून काय बघायचं’ म्हणणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींना दूरदर्शनवरच्या मोगलीची आठवण द्या. ती मालिका १९८९ ची, ५२ भागांची, जपानी स्टुडिओचीच होती. ॲनिमे त्यांनी बघितलेलं आहे, नाव माहीत नव्हतं इतकंच.

कीर्तन आणि कथाकथन आवडणाऱ्यांसाठी ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’. राकुगोत एकच माणूस गादीवर बसून, हातात पंखा आणि एक कापड घेऊन, सगळी पात्रं उभी करतो. मान उजवीकडे वळली की एक पात्र, डावीकडे वळली की दुसरं. पंखा कधी चॉपस्टिक होतो, कधी चिलीम. बुवांचं आख्यान ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन हंगाम, १३ आणि १२ भाग. पहिला भाग दुप्पट लांबीचा आहे आणि त्यातच लांबलचक सादरीकरण येतं, तिथे पळवू नका. पुढची सगळी मालिका त्यावर उभी आहे. जपानी आवाजातच बघावी, कारण कलाकाराचा आवाज बदलणं हाच तिचा विषय आहे.

सबटायटल्सची एक नेहमीची गफलत. यादीत इंग्रजीच्या दोन ओळी दिसल्या तर ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेली ओळ बहुधा इंग्रजी डबिंगशी जुळणारी असते. जपानी आवाज आणि ‘सीसी’ एकत्र लावलं की ऐकलेलं आणि वाचलेलं वेगळं पडतं, कधी वाक्य संपल्यावरही ओळ रेंगाळते. जपानी आवाजाला साधी ‘इंग्लिश’ ओळ निवडा. पडद्यावर फक्त पाट्यांचेच अर्थ येत असतील तर ‘साइन्स अँड साँग्ज’ लागलं आहे, ते डबिंगसोबत वापरायचं असतं. अक्षरांचा आकार टीव्हीच्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये वाढवता येतो. ज्येष्ठांसाठी हे आधी करून ठेवलं तर निम्म्या तक्रारी मिटतात.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. ‘सिल्व्हर स्पून’ शेतीची पार्श्वभूमी असलेल्यांना फार आवडते: होक्काइदोतलं कृषी विद्यालय, गोठा, चीज, कर्ज, दोन हंगामांचे २२ भाग. लेखिका त्याच अराकावा, दुग्धव्यवसायाच्या घरात वाढलेल्या, त्यामुळे तपशील पक्का. पण नायक एका डुकराच्या पिलाला जीव लावतो आणि ते पुढे कापलं जातं. मालिका हा प्रश्न प्रामाणिकपणे हाताळते, तरी आधी सांगितलेलं बरं.

— ज्येष्ठ कट्टा

प्रेषक: युवा शाखा

काका, राकुगो माझ्या लक्षातच आलं नव्हतं, उत्तम.

राहिली रहस्यकथा वाचणारी मोठी मंडळी. त्यांना ‘मॉन्स्टर’: जर्मनीतला जपानी सर्जन महापौराआधी एका मुलाचा जीव वाचवतो आणि नऊ वर्षांनी त्याची किंमत कळते. ७४ भाग, २६ तास. गती मुद्दाम संथ आहे, म्हणून तेवढा वेळ नसेल तर उरासावा नाओकी यांचंच ‘प्लुटो’ द्या, आठच भाग, पण प्रत्येक तासाभराचा. ‘डेथ नोट’ लवकर पकडते, ३७ भागांत २५ व्यानंतर पकड सैल होते असं माझं मत. दिवाळी अंकातल्या गूढकथा आवडणाऱ्यांना इतो जुंजी यांचा ‘उझुमाकी’ पुस्तकातच द्या. २०२४ च्या चार भागांच्या ॲनिमेचा पहिला भाग अप्रतिम आहे, दुसऱ्यापासून चित्रांचा दर्जा घसरतो. आणि इतोंची भीती पान उलटण्याच्या क्षणावर बेतलेली असते, पडद्यावर ती तशी येत नाही.

विज्ञानवाल्यांना ‘प्लानेतेस’. २६ भाग, २०७५ साल, पृथ्वीभोवतीचा अवकाश-कचरा गोळा करणारे कर्मचारी. कक्षेतला एक स्क्रू किती घातक असतो, हे पहिल्याच भागात कळतं.

खरेदीबद्दल: लांब मालिकेचे पहिले तीनच खंड घ्या. तिसरा किती वेळा बाहेर जातो ते बघून पुढचे. वाचनाची दिशा कप्प्यावर चिकटवा: पुस्तक आपल्याला जे मागचं वाटतं त्या बाजूने उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे, मग खाली, फुगेही त्याच क्रमाने. काही जुन्या इंग्रजी आवृत्त्या आरशासारख्या उलटून छापल्या आहेत, त्या डावीकडून वाचायच्या. त्यांत उजव्या हाताचा तलवारबाज डावखुरा दिसतो. अशांवर वेगळा ठिपका लावा.

— युवा शाखा

प्रेषक: वाचनालय समिती

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारायचं होतं: ‘तोतोरो’ मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला तर?

— वाचनालय समिती

प्रेषक: ज्येष्ठ कट्टा

ताई, घरच्या स्ट्रीमिंग सदस्यत्वावरून किंवा विकतच्या डिस्कवरून हॉलमध्ये दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरी. सार्वजनिक प्रदर्शनाचा वेगळा परवाना लागतो. तो वितरकाकडे मागायचा, आणि मागताना तारीख, हॉलची क्षमता, प्रवेश मोफत की सशुल्क आणि भाषा (डबिंग की सबटायटल्स) हे चारही कळवायचं. आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. काही वाचनालयांकडे वर्षाचा परवाना असतो, पण तो त्यांच्याच इमारतीपुरता, म्हणजे कार्यक्रम तिथे घ्यावा लागेल. परवाना हातात येईपर्यंत पत्रकावर चित्रपटाचं नाव छापू नका.

— ज्येष्ठ कट्टा