इथेनॉलच्या टँकरवर जायचंय, नुसतं हेवी लायसन्स पुरतंय का?

औसेकर_दहाटायर
राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला. एमएच २४ चं हेवी लायसन्स आहे, नऊ वर्षं झाली गाडीवर, सोयाबीन, साखर, सिमेंट असलाच माल आजपर्यंत. आता इकडल्या एका कारखान्यातून इथेनॉल भरून सोलापूरजवळ पाकणीला डेपोत खाली करायचं काम एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं निघालंय, पगार बरा आहे आन् एका दिवसाआड घरी मुक्काम होतोय म्हणून मन झालंय. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो हेवी आहे ना, मग बस गाडीवर, बाकीचं बघून घेऊ. पण सोबतचे ड्रायव्हर म्हणायलेत की लायसन्सवर हॅजार्डस, म्हणजे धोकादायक मालाची नोंद, चढवलेलं लागतंय, नसलं तर गेटवरूनच माघारी लावतेत. एजंटाला विचारलं तर म्हणला साडेसहा हजार दे, सर्टिफिकेट घरपोच, क्लासला बसायची गरज नाही. माझं शिक्षण सातवी, इंग्रजी म्हणजे पाट्या वाचता येतात तेवढंच. सातवीवाल्याला हे मिळतंय का? ज्यांनी काढलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

पाकणी_ते_पानेवाडी
दादा मी अकरा वर्षं झाली पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर आहे, कधी पाकणी कधी मनमाडकडं पानेवाडी. हेवी पुरत नाही, ट्रान्सपोर्टवाला तुम्हाला गंडवायलाय नाहीतर त्यालाच माहीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९ आहे, त्यात धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला ट्रान्सपोर्ट लायसन्स तर पाहिजेच, वर तीन दिवसाचा कोर्स पास झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. ते घेऊन सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाईटवर, अर्ज टाकायचा, मग आरटीओ लायसन्सवर हॅजार्डस चढवतंय.

सातवीचं टेन्शन घेऊ नका. ट्रान्सपोर्ट लायसन्सला पूर्वी आठवी पास लागायची, ती अट २०१९ ला काढून टाकली. पण हॅजार्डसला एक वेगळी अट आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आन् इंग्रजी, दोन्ही लिहिता वाचता यायला पाहिजे. मराठी त्या यादीत आहेच. इंग्रजीत काय भाषण ठोकायचं नाही, पण कागदावरचं वाचून कळलं पाहिजे, तेवढी तयारी मात्र करा. घरात शाळेतलं पोरगं असंल तर त्याच्यापाशी बसा रोज अर्धा तास, मी तेच केलं, पोरगी हसायची मला.

आन् एक लक्षात ठेवा, लायसन्सवर तारखा दोन असतेत. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षं आन् हॅजार्डसची तीन वर्षं. पहिले हॅजार्डस दरवर्षी करावं लागायचं, २०१९ च्या दुरुस्तीनं तीन झालं. रिन्यूला एक दिवसाचा रिफ्रेशर असतोय. माझी एकदा तीच तारीख हुकली. एका डेपोच्या गेटवर पहाटे चारपासून लाईनीत, नंबर आला, गेटवरल्या पोरानं कार्ड उलटं केलं, अंगठा त्या तारखेवर ठेवला आन् काही न बोलता कार्ड परत दिलं. बारा दिवसावर गेली होती तारीख. गाडी बाजूला, मालकाच्या शिव्या, तीन दिवसाची खोटी.

छोटाहत्ती_जालना
उगं कामून भीती घालता राव. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय आता की साध्या लायसन्सवर मालाची गाडी चालवता येतीया, वेगळं काही लागत नाही. मी छोट्या हत्तीवर एमआयडीसीत अ‍ॅसिडचे कॅन टाकतो, चार वर्षात कुणी विचारलं नाही.

काळा_कोट_एमएच२०
भाऊ, निकाल अर्धाच वाचलाय तुम्ही. ६ नोव्हेंबर २०२४ चा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आहे तो. एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवाल्याला साडेसात हजार किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही असं त्यात आहे हे खरं. पण त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय की ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांच्या विशेष अटी तशाच चालू राहतील. म्हणजे तुमच्या अ‍ॅसिडच्या कॅनला सूट नाही, गाडी छोटी असो नाहीतर सोळा टायर. आणि मूळ प्रश्नकर्त्याची गाडी तर हेवीच, त्याला या निकालाचा संबंधच नाही.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०, पोटकलम ३. पहिल्या वेळेला दहा हजार दंड नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, दुसऱ्यांदा वीस हजार नाहीतर तीन वर्षांपर्यंत. त्याहून वाईट म्हणजे विमा. अपघात झाला की कंपनी पहिलं लायसन्स मागते, त्यात नोंद नसली की हात वर करायला बघते. कोर्टानं जखमींना पैसे द्यायला लावले तरी कंपनी नंतर ते मालकाकडून वसूल करायला येते. असली एक केस आमच्याच ऑफिसात पडून आहे, मालकाची एक एकर गेली.

छोटाहत्ती_जालना
ऑं. हे नव्हतं माहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तेवढंच फिरत होतं.

शेंद्र्याची_सेफ्टीवाली
मी शेंद्र्यात सेफ्टीचं काम बघते, टँकर आत घ्यायच्या आधी कागद मीच तपासते. औसेकर भाऊ, घरपोच सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. बोगस निघालं तर एजंट फोन उचलत नाही आणि कागदावर नाव तुमचं. आरटीओत जाऊन मान्यता असलेल्या संस्थांची यादी मागा आणि तीन दिवस बसा.

कोर्सात काय शिकवतात ते इथेनॉलवरच सांगते. टँकरवर जो पॅनल असतो त्यावर मालाची ओळख सांगणारा चार आकडी यूएन नंबर लागतो, इथेनॉलचा ११७०. डिझेल १२०२, पेट्रोल १२०३. बाजूला हॅझकेम कोड, त्यातला पहिला आकडा आग कशानं विझवायची ते सांगतो, १ म्हणजे पाण्याची धार, २ फवारा, ३ फोम, ४ कोरडी पावडर. शेवटी इंग्रजी ई (E) असला तर आसपासची माणसं हलवायचा विचार करा. आता गंमत अशी की इथेनॉल पेटलं तर भर उन्हात ज्वाळा नीट दिसतच नाही, फिकट निळी असते. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी तुम्ही जवळ जाईपर्यंत कळायचं नाही. आणि साधा फोम त्यावर टिकत नाही, विरघळतो, अल्कोहोलवर चालणारा वेगळा फोम लागतो. सोबतचं ट्रेम कार्ड, म्हणजे माल सांडला-पेटला तर काय करायचं ते लिहिलेला कागद, केबिनमधी हाताशी ठेवायचं, सीटखाली नाही. ते माल पाठवणाऱ्यानं द्यायचं असतं, म्हणजे कारखान्यानं. नाही दिलं तर मागा, मागायला लाजू नका.

एकदा तुळजापूरकडं जाताना एका ढाब्यावर बघितलं, भजे तळायच्या भट्टीपासून सहा-सात पावलांवर टँकर लावलेला. ड्रायव्हरला म्हणलं तर म्हणतो ताई रिकामाच आहे. अहो रिकाम्यातच वाफ असते, भरलेल्यात तरी हवेला जागा कमी असते. तो बिचारा अडाणी नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी गाडी हलवायला लावली, ढाबेवाला माझ्यावरच चिडला.

पाकणी_ते_पानेवाडी
ताई बरूबर बोलल्या. आम्ही रिकाम्या टँकरलाच जास्त घाबरतो.

औसेकर_दहाटायर
सगळ्यांचे आभार. एजंटाला नाही म्हणलो, तर चार हजारावर आला, म्हणजे बघा. पण तीन दिवस गाडी सोडली तर माझी हजेरी कोण देणार? आन् कोर्सची फी?

काळा_कोट_एमएच२०
ड्रायव्हरला पुरेशी माहिती आणि ट्रेनिंग मिळालंय हे बघायची जबाबदारी नियमानं गाडीमालकावर आहे. तेवढं त्याच्या तोंडावर सांगा आणि फी त्याच्याकडूनच मागा. भांडू नका, दंडाची आणि विम्याची गोष्ट आधी काढा.

औसेकर_दहाटायर
बोललो. विम्याचं काढल्यावर गप झाला थोडा वेळ. फी देतो म्हणला, हजेरी देत नाही म्हणला. चालतंय, तीन दिवस घरची सोयाबीन भरडली असं समजू. यादी आणायला उद्या आरटीओत चाललोय, आन् पोराची चौथीची इंग्रजी काढून ठेवलीय.