मदत हवी आहे: नव्या बाथरूमचा ढाळ उलटा, मिस्त्री घरचाच. सगळं फोडावं लागेल का?

सांगलीत गावभागात आमचं जुनं दुमजली घर आहे. २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा खालचा मजला पाण्यात होता, २०२१ ला परत तेच. दुसऱ्यांदा गाळ उपसून झाल्यावर सासूबाईच म्हणाल्या, माझी कॉट वर हलवा, आता मी खाली झोपत नाही. वर नुसती मोरी आणि भारतीय बैठकीचा संडास होता. त्यांचं वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून दोन्ही एकत्र करून सात बाय पाचचं बाथरूम करायला घेतलं. कमोड, पकडायला दांडा, खाली न घसरणारी फुटाची टाईल, भिंतीला सात फुटांपर्यंत १२ बाय १८ ची.

मिस्त्रीला काम उक्तं दिलं होतं, ४८ हजार, माल आमचा. तीस दिलेत, अठरा राहिलेत. काम संपून तीन आठवडे झाले.

आता काय झालंय ते सांगते. आंघोळ केली की पाणी जाळीकडे जातच नाही, दाराकडे येतं. जाळी खिडकीखालच्या कोपऱ्यात आहे आणि तिच्याभोवती कोरडं. आमच्या चिरंजीवांनी जाळीपाशी गोटी ठेवून दाखवली, ती जी निघाली ती थेट उंबऱ्याच्या ग्रॅनाइटवर टक्कन आपटली. सासूबाई रोज एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने वायपर मारतात. ते बघवत नाही.

दुसरं म्हणजे पोकळ आवाज. दहाच्या नाण्याने एकेक टाईल वाजवून खडूने फुल्या मारल्या. पस्तिसातल्या अकरा टाईल डबडब वाजतात. कमोडशेजारची एक कडेने चांगली सूतभर (इंचाचा आठवा भाग) वर आहे, तिला दोनदा ठेच लागली. तीच सुरीच्या टोकाने उचकून बघितली तर अलगद हातात आली. मागची बाजू खोक्यातून काढल्यासारखी स्वच्छ! कंपनीची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसत होती. खाली सिमेंटची रबडी ओतून वर टाईल ठेवून दिली होती, चिकटली कुठेच नव्हती.

आणि खाली देवघराच्या छताला ओल आली आहे. आधी भाकरीएवढी होती, आता परातीएवढी.

वॉटरप्रूफिंगचे दोन डबे मीच आणून दिले होते. मधले दोन दिवस आम्ही लग्नाला इचलकरंजीला होतो, परत आलो तर खालची फरशी बसून तयार. काल जिन्याखाली झाडताना एक डबा सापडला, सील न फोडलेला.

मिस्त्रीला बोलावलं तर म्हणतो, “वहिनी, नवीन हाय म्हणून तसं वाटतंय. आठ दिवस वापरा, पाण्याला वाट पडती.” पाण्याला वाट पडायला ही काय नदी आहे का!

अडचण अशी की हा परका नाही. आमचं घर याच्या वडिलांनी बांधलंय. खालच्या सोप्यातली शहाबादी फरशी त्यांच्या हातची, दोन पूर पचवून एक फरशी हलली नाही. हा सासूबाईंना काकू म्हणतो, दिवाळीला फराळ न्यायला येतो. सासूबाईंचं म्हणणं, पोराचे पैसे अडवू नका. नवऱ्याचं म्हणणं, एक रुपया देऊ नका. मधे मी.

तर जाणकारांनी सांगावं: वरच्या वर काही करून ढाळ सुधारतो का, की फोडणं आलंच? फोडायचं तर भिंतीच्या टाईलपण जातील का? आणि त्याच्याकडूनच करून घ्यावं की दुसरा माणूस लावावा?

प्रतिसाद (मिरज, बांधकामाची कामं घेतो)

ताई, जमिनीची फरशी पूर्ण काढावी लागणार, यात दुमत नको. अकरा पोकळ आहेत म्हणजे उरलेल्या चोवीस चांगल्या असं समजू नका. वरून दुसरी टाईल चिकटवा असं कोणी सांगेल, पण ओल खालीच राहते आणि दारात उंची वाढते, ते वेगळंच.

फोडायच्या आधी एक करा, म्हणजे नंतर वाद नको. जाळीच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी आणि फडक्याचा बोळा घट्ट बसवा. दारात ओल्या मातीचा बांध घाला. इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा, २४ तास बाथरूम वापरू नका. खाली छतावर ओलीच्या कडेनेही पेन्सिल फिरवा. ओल वाढली तर फरशीतून गळतंय. फरशी कोरडी ठेवूनही वाढत असेल तर नळाची लाईन बघायची, तिथे पंप लावून दाब तपासतात.

ढाळाचा आमचा साधा हिशोब: फुटाला एक सूत. तुमची लांबी सात फूट, म्हणजे दारापासून जाळीपर्यंत सात सूत, इंचाला एक सूत कमी. आणि बाथरूमची फरशी खोलीपेक्षा निदान इंचभर खाली पाहिजे. मला शंका आहे की तुमचा ट्रॅपच, म्हणजे जाळीखालचा पाणी वाहून नेणारा तुकडाच, वर बसलाय. तो प्लंबर बसवतो, फरशीवाला नाही. ट्रॅप वर असला की मिस्त्रीने काहीही केलं तरी ढाळ मिळत नाही. म्हणजे त्याने तिथेच काम थांबवून सांगायला हवं होतं, ती चूक त्याचीच.

टाईल निघाली ते का, तेही बघा. टाईलच्या पाठीवर चमचाभर पाणी टाका. लगेच शोषलं तर सिरॅमिक, ती भिजवून सिमेंटवर बसते. पाणी तसंच थांबलं तर व्हिट्रिफाइड. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, तिला नुसतं सिमेंट धरत नाही, ॲडेसिव्ह लागतं. तेसुद्धा खाचांच्या थापीने सगळीकडे ओढलेलं, चार कोपऱ्यांत चार लाडू ठेवून नव्हे.

भिंतीची फक्त खालची ओळ काढा. वॉटरप्रूफिंग जमिनीवरून भिंतीवर फूटभर चढवायचं असतं आणि कोपऱ्यात गोलाई द्यायची असते, त्याशिवाय त्याला अर्थ नाही. कमोडही काढावा लागेल, “त्याच्या खालचं राहू दे” म्हणाले तर ऐकू नका. लेप सुकल्यावर टाईलच्या आधी परत पाणी भरून बघा. पाणी दोनदा भरायचं, हे विसरू नका.

प्रतिसाद

इतकं कशाला? अठरा हजार राहिलेत ना तुमच्याकडे, त्यात दुसरा माणूस लावा आणि विषय संपवा. ओळखीच्या माणसाला काम देऊच नये.

प्रतिसाद (विश्रामबाग, वकिली करतो)

फोडण्याआधी सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा, खडूच्या फुल्यांसकट. गोटीचापण घ्या, बोलका पुरावा आहे. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर ती नोंद, टाईलचं बिल, न उघडलेला डबा, सगळं जपा. व्हॉट्सॲपवर त्याला साध्या भाषेत काय बिघडलंय ते लिहून पाठवा, शिव्या नकोत.

उक्त्या कामातली हलगर्जी ही सेवेतली त्रुटी धरता येते. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण खरं सांगू? पुराव्याच्या फायलीपेक्षा तुमच्या हातातले अठरा हजार जास्त कामाचे आहेत. ते देऊ नका आणि देणार नाही असंही म्हणू नका. पाणी भरून चाचणी झाली की देते म्हणा.

प्रतिसाद (मी स्वतः फरशीचं काम करतो)

राग मानू नका. तोडफोड, राबिट (तोडफोडीचा कचरा) उचलणं, प्लंबिंग, भिंत, जमीन, सगळं ४८ हजारांत? उक्त्यात माणूस पळतो, कारण पुढच्या कामावर हजेरी पडायची असते. त्यात घरी कोणी नाही. त्याचं चुकलंच, पण लेप घेतला का, सुकला का, हे बघायला त्या दोन दिवसांत कोणीतरी पाहिजे होतं. आता बसवताना रोजावर घ्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसा.

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रतिसाद झोंबला, पण खरा आहे.

पाणी भरून बघितलं. संध्याकाळी सातला भरलं, पहाटे देवपूजेला सासूबाई खाली गेल्या तेव्हा ओल पेन्सिलच्या रेघेबाहेर बोटभर गेली होती आणि एक थेंब लोंबत होता. म्हणजे फरशीच. टाईलच्या पाठीवरचं पाणीही तसंच उभं राहिलं. व्हिट्रिफाइड.

मग मिस्त्रीला बोलावलं. आधी चहा दिला. फोटो, फुल्या, काही दाखवलं नाही. चिरंजीवांची गोटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तूच बघ. त्याने जाळीपाशी ठेवली. ती दाराकडे गेली. परत ठेवली. तिसऱ्यांदा जागा बदलून ठेवली. मग उकिडवा बसून त्याने जाळीवर पंजा पसरला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

“ट्रॅप दोन सूत वर बसलाय वहिनी. मला दिसलंतं. प्लंबर गेल्ता, तुम्ही नव्हता, मी म्हटलं जाईल निभावून.”

त्याच्याकडूनच करून घेतेय. नवऱ्याला पटलेलं नाही, पण दुसरा माणूस दुसऱ्याने बिघडवलेल्या कामाला हात लावताना जे दर सांगतो ते ऐकून तेही गप्प झालेत. ठरलंय असं: मजुरी तो लावणार नाही, ॲडेसिव्ह आणि टाईल आम्ही आणणार, ट्रॅप खाली घ्यायला प्लंबर तो बोलावणार, अठरा हजार दुसऱ्यांदा पाणी भरून छत कोरडं दिसल्यावर. वहीत लिहिलं आणि दोघांनी सही केली. सही करताना त्याचा हात जरा थबकला. सासूबाई आत निघून गेल्या.

सोमवारपासून फोडतोय, आणि मी खुर्ची टाकून बसणार आहे. जाताना त्याने जिन्याखालचा तो डबा मागून घेतला, हलवून बघितला आणि डोळ्यांपासून लांब धरला. “ह्याच्यावर दोन हातांच्या मधी किती तास थांबायचं लिवलंय बघा की, चष्मा नाही आणला.”

आता एकच मदत हवी. भिंतीच्या खालच्या ओळीसाठी तीच टाईल दुकानात नाही. मोरबीचा माल, फिकट हिरवी, १२ बाय १८, बारीक पांढरी रेघ. नवीन लॉट दाखवला, पण तो शेजारी ठेवल्यावर पिवळट दिसतो. सांगली, मिरज, कुपवाड भागात कोणाकडे घरकामातल्या उरलेल्या पंधरा-सोळा असतील तर कृपया कळवा, येऊन घेऊन जाईन. नाहीतर खालची ओळ सरळ गडद हिरवी करून टाकावी म्हणते. कोणी तसं केलं असेल तर कसं दिसतं?